काट्यावरचं पाणी वेगळं काढताना: जानेवारी ते मार्चच्या नोंदी

५ जानेवारी

शुक्रवारी सकाळी ६४.२ किलो. शनिवारी रात्री जेवून उठल्यावर ६५.९. दीड दिवसात १.७ किलो वाढ.

ही सगळी चरबी धरली तर एक किलो चरबीला साधारण ७,७०० किलोकॅलरी, म्हणजे १.७ किलोला तेरा हजारांच्या वर, आणि तेही रोजची गरज भागवून उरलेले. आठवडाभराचं माझं सगळं खाणं मिळून कसंबसं तेवढं भरेल. तेव्हा ही चरबी नाही, हे उघड आहे. मग काय आहे आणि त्यातलं कोण किती हलवतं, ते एकेक करून मोजायचं ठरवलं. शेवटी हातात असा एक आकडा हवा, जो बघून खाण्यात काही बदल करायचा की नाही हे ठरवता येईल. कुणाला हेच करायचं असेल तर पुढच्या नोंदी कामाला येतील.

साहित्य: डिजिटल वजनकाटा, एक लिटरची पाण्याची बाटली, फोनवरची स्प्रेडशीट.

६ जानेवारी

आजचा दिवस काट्यालाच दिला. तो भरवशाचा आहे का हे आधी कळायला हवं.

पहिली भानगड सतरंजीची. काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात आणि पाय मऊ जागेत रुतले की भार नीट पोचत नाही. सतरंजीवर माझं वजन फरशीपेक्षा जवळजवळ किलोभर कमी आलं. फरशीवर ठेवला तर दोन फरशांच्या सांध्यावर एक पाय आला आणि काटा डुगडुगायला लागला. शेवटी न्हाणीघराच्या दाराशी एक सपाट जागा सापडली, तिथे खडूने चार खुणा केल्या. काटा उचलून ठेवला की पहिला आकडा भलताच येतो, कारण त्याला शून्य पुन्हा पकडायला लागतं. म्हणून हलवल्यावर एकदा पायाने दाबून शून्य दिसेपर्यंत थांबायचं आणि मग चढायचं.

दुसरी भानगड जास्त मजेशीर. लागोपाठ तीनदा चढले, तिन्ही वेळा दशांशापर्यंत तोच आकडा. काटा एकदम पक्का आहे म्हणून खूश झाले. मग हातात पाण्याचा भरलेला पेला घेऊन चढले, तरी तोच आकडा! बऱ्याच घरगुती काट्यांत ही सोय मुद्दाम केलेली असते: आधीच्या वजनापेक्षा थोडाच फरक असला तर काटा जुनाच आकडा पुन्हा दाखवतो, म्हणजे माणसाला वाटतं काटा स्थिर आहे. लिटरची बाटली हातात घेतल्यावर मात्र बरोबर १.० किलो वाढला. उपाय साधा आहे. खरं वजन बघायच्या आधी एखादी जड पिशवी हातात घेऊन एकदा चढायचं, म्हणजे त्याची आठवण पुसली जाते. मग पिशवी ठेवून पुन्हा चढायचं.

बाटली नुसती काट्यावर ठेवून बघू नका. इतक्या कमी वजनाला बरेच काटे जागेच होत नाहीत. हातात घेऊनच चढा.

८ जानेवारी

काल रात्री झोपताना ६५.४. सकाळी उठल्या उठल्या ६५.१. लघवीला जाऊन आल्यावर ६४.६.

लघवीचा अर्धा किलो कळला, पण आधीचे ३०० ग्रॅम नुसते पडल्या पडल्या गेले. श्वासातून आणि त्वचेतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते, घाम आलेला नसतानाही. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर थोडा कार्बनही जातो. इटलीतल्या पादुआचा डॉक्टर सांतोरियो याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं स्वतःला, आपल्या जेवणाला आणि मलमूत्राला तोललं, आणि खाल्लेल्यातला मोठा वाटा न दिसता उडून जातो हे १६१४ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. माझ्याकडे खुर्ची नाही, पण काटा ० ते १८० किलोचा आहे, बाकी प्रयोग तोच.

आणखी एक गोष्ट करून बघितली. अर्धा लिटर पाणी प्यायच्या आधी आणि प्यायल्यावर लगेच वजन केलं. ६४.६ चे ६५.१. पाणी पोटात गेलं की तेवढंच वजन वाढणार, यात नवीन काही नाही, पण डोळ्याने बघितल्यावर रात्रीच्या आकड्याची भीती गेली. दिवसभरात खाणं आणि पिणं मिळून दोन-तीन किलोचा माल आत जातो आणि तितकाच बाहेर पडतो. मधल्या कुठल्याही क्षणी चढलात तर काटा त्या क्षणाचा साठा दाखवतो.

नियम ठरला: सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच प्रकारच्या कपड्यांत. बाकीच्या वेळचे आकडे शीटमध्ये येणार नाहीत. जुन्या वहीतल्या संध्याकाळच्या सगळ्या नोंदी बाद. त्यात बरेच महिने गेले होते, पण त्या कशाशीच जोडता येत नाहीत.

१६ जानेवारी

पिष्टमय पदार्थ आणि साखर जवळपास बंद करून बघितली. १२ तारखेला ६४.६, काल सकाळी ६३.१. तीन दिवसांत दीड किलो! कुठलंही 'आठवड्यात अमुक किलो घटवा' छापाचं डाएट सुरुवातीला इतकं झकास का चालतं, ते इथे कळतं.

आतली गोष्ट अशी. शरीर वापरायला तयार असलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम. एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. म्हणजे भरलेला साठा पाण्यासकट दोन किलोच्या आसपास जातो. तो रिकामा व्हायला लागला की पाणी सुटतं आणि लघवीवाटे निघून जातं. त्यात पोटात अन्नही कमी राहतं. तीन दिवसांत फार तर पाव किलो चरबी गेली असेल, उरलेला सगळा पाण्याचा आणि पोटातल्या मालाचा हिशेब.

आजपासून नेहमीचं जेवण.

१८ जानेवारी

६४.९. दोन दिवसांत पावणेदोन किलो परत. अपेक्षितच होतं, तरी सकाळी आकडा बघून एक क्षण पोटात गोळा आला. ज्यांना हे माहीत नसतं ते इथेच 'एक दिवस नीट जेवले आणि सगळ्यावर पाणी पडलं' म्हणून सोडून देतात. पाणीच पडलंय, हे खरंच आहे म्हणा.

२३ जानेवारी

शीटला सात दिवसांची सरासरी लावली. एका दिवसाच्या आकड्याऐवजी गेल्या सात दिवसांची सरासरी बघायची, म्हणजे रोजची उडी त्यात विरघळते. एखादा दिवस चुकला तर अंदाजाने भरायचं नाही, रिकामा सोडायचा आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची.

५ ते ११ जानेवारीची सरासरी ६४.६. १७ ते २३ ची ६५.१. खाणं आटोक्यात, चालणं रोजचं, आणि सरासरी अर्ध्या किलोने वर. काहीतरी हुकतंय. उद्या-परवा पाळी यायची आहे, ते एका रकान्यात टिपून ठेवते.

२ फेब्रुवारी

काट्यावरच्या 'फॅट टक्के' या आकड्याचा निकाल लावला. सकाळी ३१.२ टक्के, त्याच दिवशी संध्याकाळी २८.९. माझ्या वजनाला हा फरक म्हणजे दीड किलो चरबी एका दिवसात गायब!

हे काटे चरबी मोजतच नाहीत. तळपायातून अतिशय सूक्ष्म वीज सोडून तिला किती अडथळा होतो ते बघतात आणि त्यावरून सूत्राने अंदाज बांधतात. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून कमी. त्यामुळे पाणी कमी-जास्त झालं, दिवसभरात ते पायांकडे उतरलं, पाय ओले असले, तरी 'चरबी' बदलते. ज्या गोष्टीला बाजूला काढायला बसले आहे तीच या आकड्यात मिसळलेली आहे. रकाना काढून टाकला. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी तर असा काटा वापरूच नये, पुस्तिकेतही तसं लिहिलेलं असतं.

११ फेब्रुवारी

मिठाची नोंद. ८ तारखेला सकाळी ६३.९. रात्री बाहेर जेवण, चांगलंच खारट, घरी येऊन तहान तहान. दुसऱ्या दिवशी सकाळी ६५.०, १० तारखेला ६४.६, आज ६४.०.

९ तारखेला अंगठी निघेना, मोज्यांचे वळ नेहमीपेक्षा खोल. यात काही बिघडलेलं नाही. पेशींबाहेरच्या पाण्यात मीठ ठरावीक प्रमाणातच राहिलं पाहिजे, यावर शरीर अडून बसतं. सलाइनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं ते याच हिशेबाने. म्हणजे ९ ग्रॅम जादा मीठ आत राहिलं तर त्याला जवळजवळ एक लिटर पाणी धरून ठेवावं लागतं. मेंदू तहान लावतो, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात आणि मग दोन-तीन दिवसांत दोन्ही हळूहळू बाहेर जातं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे, आणि बाहेरच्या एका जेवणात तो सहज ओलांडला जातो.

९ ला दिवसभर पाणी कमी प्यायचा मोह झाला होता. केलं नाही ते बरं. जादा मीठ लघवीतूनच जायचं असतं आणि त्याला पाणी लागतं. पाणी तोडून उतरलेला किलो पहिल्या चार-पाच पेल्यांत परत येतो, वर बद्धकोष्ठ झालं तर काटा आणखी चढतो. वजनी गटाच्या खेळांत घाम काढून, तहान मारून वजन उतरवतात. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन पैलवान याच प्रकारात दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं तेच: त्या डॉक्टरांनी आजारासाठी दिल्या तरच घ्यायच्या. त्यांनी पोटॅशियमसुद्धा खाली जाऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि एवढं करून चरबी एक ग्रॅमही हलत नाही.

२१ फेब्रुवारी

आज पाळी आली. आणि जानेवारीतला घोळ सुटला.

१ ते ७ फेब्रुवारीची सरासरी ६३.९. १४ ते २० ची ६४.३. नुसती सात दिवसांची सरासरी बघणारी बाई म्हणेल, दोन आठवड्यांत ४०० ग्रॅम वाढले, आता जेवण कमी कर. मी शीटमध्ये 'पाळीचा कितवा दिवस' हा रकाना भरला आणि आठवडे शेजारी लावायच्या ऐवजी जोडीने लावले.

पाळीच्या आधीचा आठवडा: जानेवारीत ६५.१, फेब्रुवारीत ६४.३.
पाळीचा ९ ते १५ वा दिवस: जानेवारीत ६४.६, फेब्रुवारीत ६३.९.

दोन्ही जोड्यांत सात-आठशे ग्रॅम घट. म्हणजे वजन महिनाभर उतरतच होतं, आणि मला ते चढताना दिसत होतं.

पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि पाळी सुरू होताना पुष्कळ बायकांच्या अंगात पाणी राहतं, कुणाच्या अर्धा किलो, कुणाच्या दोनपर्यंत, कुणाच्या काहीच नाही. माझ्यात एक-सव्वा किलो. हे आठवडाभर टिकतं, म्हणून सात दिवसांची सरासरी त्याला गाळू शकत नाही. तिची चाळणीच त्याहून मोठ्या भोकांची आहे. चौदा दिवसांची घेऊन बघितली, ती जरा कमी फसते, पण फसते. अठ्ठावीस दिवसांची घेतली तर रेघ सरळ येते, पण इतकी आळशी असते की आज काही बदल केला तर महिन्याने कळावं. माझ्यापुरती जोडीची पद्धत सगळ्यांत बरी ठरली: हा आठवडा मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी लावायचा, मधल्या कशाशी नाही.

खरी घट आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला तीसएक ग्रॅम. माझा काटा १०० ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतो. एका दिवसाची चरबी त्याला दिसूच शकत नाही. तीस ग्रॅम म्हणजे पाण्याचा एक घोट. आणि त्याच काट्यावर मीठ किलोभर हलवतं, ग्लायकोजेन दीड किलो. सकाळी 'काल काय चुकलं' असा विचार करत मी इतके दिवस घालवत होते त्या प्रश्नाला त्या काट्यावर उत्तर असायची शक्यताच नव्हती.

ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांना जोड्या लावणं अवघड जाईल. पाळी सुरू झाल्यापासून तिसरा ते नववा दिवस असा एकच तुकडा दर वेळी धरून बघा, त्या सुमारास पाणी बहुतेक उतरलेलं असतं. पुरुषांना आणि पाळी थांबलेल्यांना साध्या सात दिवसांच्या सरासरीवर चालतं, फक्त एका आठवड्यावर निर्णय घेऊ नये.

१ मार्च

२४ तारखेपासून पायांचे व्यायाम सुरू केले. दुसऱ्या दिवसापासून जिना उतरताना आई आठवतेय. वजन ८०० ग्रॅमनी वर आणि तिथेच बसलंय.

नवा आणि जड व्यायाम केला की स्नायूंत बारीक इजा होते, तिथे दुरुस्तीसाठी सूज येते, सूज म्हणजे पाणी. शिवाय स्नायू ग्लायकोजेन जास्त साठवायला लागतात. पाच दिवसांत एवढा स्नायू बनत नाही, त्यामुळे 'ही मसल वाढली' हेही स्वतःला सांगू नये. शीटमध्ये 'नवा व्यायाम' एवढं टिपण, पुढचे दोन आठवडे निर्णय बंद.

९ मार्च

घरात माझं हे सगळं चाललेलं बघून आईलाही वजन करायचं होतं. तिचं वजन गेल्या महिन्याइतकंच. उतरताना तिचा घोटा दिसला.

"आई, मोजे काढ बघू."

"अगं, मोज्याचाच वळ आहे तो. इलॅस्टिक घट्ट आहे."

वळाच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून थोडा वेळ धरला. काढला तर तिथे खळगा तसाच. हळूहळू भरत आला.

"हे कधीपासून आहे?"

"रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून असेल. रात्री झोपले की उतरतं, म्हणून बोलले नाही."

डॉक्टरांना दाखवलं. गोळी ॲम्लोडिपिनची होती, तिच्याने घोटे सुजणं नेहमीचं. त्यांनी गोळी बदलून दिली. मला खटकलं ते वेगळंच: सूज इतकी स्पष्ट आणि काटा गप्प. या गोळीने बारीक धमन्या सैल होतात आणि केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं. अंगात एकूण पाणी फारसं वाढतं असं नाही, ते जागा बदलतं. तेव्हा काट्याबरोबर घोटेही बघा.

उलट प्रकारही लिहून ठेवते, कारण वरच्या नोंदी वाचून कुणी 'पाणीच आहे, उतरेल' म्हणून बसून राहायला नको. हृदय कमजोर असलेल्या रुग्णांना रोज वजन करायला सांगतात ते याचसाठी: तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. आडवं पडल्यावर दम लागणं, एकाच पायाला सूज येणं आणि तो दुखणं, गरोदरपणात चेहरा आणि हात अचानक सुजणं, डोकं दुखणं, यांत शीट उघडायची नाही, दवाखाना गाठायचा.

२२ मार्च

पाळी काल आली. आधीच्या आठवड्याची सरासरी ६३.८, फेब्रुवारीत त्याच आठवड्यात ६४.३. घट अर्धा किलो. व्यायामाचं पाणी त्यात अजून किती आहे हे वेगळं काढता येत नाही. पुढच्या जोडीत दिसेल.

शीट आता रोज भरायच्या चार रकान्यांवर आली आहे: तारीख, सकाळचं वजन, पाळीचा दिवस, टिपण. टिपणात फक्त 'मीठ', 'बाहेर', 'व्यायाम', 'शौच नाही', 'जागरण', 'औषध' असे एकेक शब्द. आधी तिथे वाक्यं लिहीत होते, ती कधीच पुन्हा वाचली गेली नाहीत. आलेखाची उभी पट्टी ६० ते ७० अशी कायमची बांधली, कारण ॲप स्वतःहून ती ६३.५ ते ६५ अशी ताणतं आणि चिमूटभर मीठ डोंगरासारखं दिसतं.

धाकट्या वहिनीने दोन आठवडे ही पद्धत केली आणि सोडली. सकाळचा आकडा तिचा पूर्ण दिवस खराब करत होता, जेवणावरून मन उडायला लागलं होतं. तिला मीच म्हटलं, काटा कपाटात ठेव, कंबरेची फीत महिन्यातून एकदा लाव. ज्यांना पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार (इटिंग डिसऑर्डर) झालेला आहे त्यांनी तर रोज वजन करायच्या भानगडीत पडू नये.

२९ मार्च

सकाळी ६४.१, पाळीचा नववा दिवस, टिपण: 'बाहेर'. पुढची जोडी १९ एप्रिलच्या सुमारास भरेल, तोवर वजन रोज करणार आणि सरासरीचा रकाना लपवून ठेवणार. एप्रिलपासून उकाडा वाढेल. उष्णतेची सवय होताना रक्तातलं पाणी काही दिवस वाढतं आणि घामाने तेच कमीही होतं, तेव्हा टिपणात 'उकाडा' हा शब्द आजच घालून ठेवला.